पेंढ्यातलं दही

कोरड्या पेंढ्याचा वास आला की मला म्हशाच्या जत्रेआधीची ती संध्याकाळ आठवते. जत्रेत आमच्या बचत गटाचा ताकाचा पहिलाच स्टॉल लागणार होता, आणि आमच्यातल्या एकीने घाईघाईत चुलीवरून उतरवलेल्या कढत दुधातच सगळं विरजण घातलं. कढत दुधात विरजण मरतं, दही लागत नाही. आम्ही शेजारच्या आजीकडे धावलो, तर ती म्हणाली, "दिवा लागला गो, आता विरजण घराबाहेर देत नाय." आम्ही हिरमुसून वळलो, तेवढ्यात एकजण ओरडली, "अगं, मग दूधच आत आणू ना!" हसत-धापा टाकत आम्ही पातेली तिच्या घरात नेली. दूध कोमट झाल्यावर आजीने विरजण घातलं, आणि ते थंडीने गारठू नये म्हणून पातेली गोधड्यांत गुंडाळून पेंढ्यात खोल पुरली. सकाळी मी झाकण काढून पातेलं कलतं केलं, तर दही जागचं हललं नाही! आम्ही अशा ओरडलो की आजीच्या कोंबड्या अंगणभर पळाल्या. "उजाडलं, आता न्या सगळं," ती म्हणाली. आता माझ्या घरी फ्रीज आहे, पण दिवेलागणीनंतर कुणी विरजण मागायला आलं की मी दार उघडून सांगते, "दूध घेऊन ये."