पंचनाम्याशिवाय बुडालेलं जग

लातूर जिल्ह्यात आजवर जी म्हणून नवी गोष्ट सुरू झाली, ती आमच्या दाजींनी आधी पाहून नापास केल्याशिवाय सुरू झालेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. निलंगा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. उद्घाटनाला जाणारी माणसं पुष्कळ असतात, दाजी उद्घाटनाच्या आधी जातात. हॉटेलचा बोर्ड अजून रंगवायचा असतो, आचारी भट्टी कुठे मांडावी या विचारात असतो आणि दाजी बाहेरच्या बाकावर बसून पहिला चहा मागत असतात. नवं मंगल कार्यालय, नवं बसस्टँड, बदलून आलेले तहसीलदार, भावकीतला होऊ घातलेला जावई, सगळ्यांवर पहिलं मत दाजींचं. आणि ते मत ऐकून पुढचा माणूस गार पडलाच म्हणून समजा. "चहा बरा हाय," ते त्या हॉटेलवाल्याला म्हणाले होते, "पन टेबलं लई दाटून लावलीत. उद्या पळायची येळ आली तर गिऱ्हाईक जाईल कुठून?" हॉटेलवाला बिचारा गिऱ्हाईक येईल कुठून या काळजीत होता.

या परीक्षेमागे कारण होतं. भूकंपात दाजींचं गाव गेलं. माळवदाची, जाडजूड दगडी भिंतींची घरं होती. ती पहाटे बसली आणि गावातली निम्मी माणसं उठलीच नाहीत. दाजी आणि आक्का वाचले. सरकारनं नव्या गावात त्यांना पक्कं घर बांधून दिलं. त्या घरात दाजींनी ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः आक्कासह अंगणात पत्र्याचं शेड टाकून राहिले, ते अजून तिथेच आहेत. "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय, स्लॅब पडला तर तेराव्याचं जेवण," हा त्यांचा हिशेब. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये आक्का भाजून निघते. पावसाळ्यात पत्रा एवढा वाजतो की नवरा-बायकोला एकमेकांचं ऐकू येत नाही. त्यामुळे त्यांची भांडणं तुंबून राहतात आणि दिवाळीत एकदम होतात. शाळेतही तेच. वर्गखोल्यांत खडू, नकाशे आणि सतरंज्या असत. पोरं आणि मास्तर लिंबाखाली. एकदा तपासणीला साहेब आले आणि वैतागून म्हणाले, "मास्तर, तुमचा वर्ग भरतो कुठे?" दाजी म्हणाले, "ह्यो काय, भरलाय की साहेब. बसा तुमीबी." साहेब बसले. त्यांच्या शेरेवहीवर निंबोळी पडली, तेवढाच काय तो शेरा.

मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. घराघरांत एकच बोलणं, कोणाचं पोर कुठल्या सरांकडे. माझी भाची, भूकंपानंतर झालेली दाजींची एकुलती एक शुभा, दहावी झाली आणि दाजी तिला घेऊन लातुरातले सगळे क्लास पालथे घालायला निघाले. बाकीचे बाप निकाल विचारायचे, फी विचारायचे. दाजी जिना बघायचे. एका नामांकित सरांनी छाती काढून सांगितलं, "आमची मुलं थेट मेडिकलला जातात." दाजी म्हणाले, "जात्याल हो सर. पन सुट्टी झाल्यावर ह्या एवढ्याशा बोळकांडीतून समदी खाली कशी येत्याल, ते सांगा." सरांनी शिपायाकडे बघितलं आणि शिपायानं यांना तोच जिना दाखवला. शेवटी दाजींना पसंत पडला तो मार्केट यार्डाकडचा एक क्लास. जुनं गोदाम, वर पत्रे, पुढं ट्रक शिरेल असं शटर, आणि आत एक सर, जे भौतिकशास्त्र इतक्या हळू आवाजात शिकवायचे की पहिल्या बाकालासुद्धा ते गुपित वाटायचं. शुभा शेवटच्या बाकावर बसून वहीत चित्रं काढायची. मेडिकल अर्थातच हुकलं. ती चित्रं घेऊन ती पुण्याला गेली आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. दाजींनी पोरीचं वाटोळं केलं, असं सगळे नातेवाईक म्हणाले. दाजी मात्र कंपनीची इमारत बाहेरून बघून आले आणि म्हणाले, "दोन बाजूनं जिने हायत. चांगली हाय कंपनी."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मधल्या काळात आक्काचे गुडघे गेले. तिला इथे नांदेडला माझ्याकडे आणून डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, गुडघे बदला, लवकर बदला, नाहीतर बाई अंथरुणाला खिळतील. आणि नंतर काही महिने सपाट फरशीवर, पलंग आणि कमोड असलेल्या घरात राहायला हवं. शेडमध्ये परत नेणं म्हणजे पैसे पाण्यात. माझा फ्लॅट दवाखान्याजवळ, तेव्हा प्रश्न मिटला, असं मला वाटलं. प्रश्न मिटला नव्हता, कारण फ्लॅट चौथ्या मजल्यावर. आमच्या वास्तुशांतीलासुद्धा दाजींचं ताट आम्ही लिफ्टनं खाली पाठवलं होतं.

"मी खाली राहतो की," दाजी म्हणाले. "रोज सकाळ-संध्याकाळ हाक मारत जाईन."

आक्का म्हणाली, "मी वर, तुमी खाली, असलं मला जमायचं न्हाई. इतकी वर्सं पत्र्याखाली काढली ती काय पत्रा आवडतो म्हनून? तुमी वर येत असाल तर गुडघे बदलते. न्हाईतर ऱ्हाऊ द्या हायत तसे."

माझी बहीण एरवी मऊ आहे, पण एकदा बोलली की बोलली. ऑपरेशनचा दिवस ठरलेला, तपासण्या झालेल्या आणि बाई सही करायला तयार नाही. दाजींनी आमच्या सोसायटीशेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गुलमोहराखाली खाट टाकली होती. मी म्हटलं, निदान पार्किंगमध्ये तरी झोपा. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. "पावनं, चार मजले उरावर घेऊन झोपू का?" कंपाउंडच्या भिंतीपासूनही त्यांनी खाट अशी लांब टाकली होती की भिंत सबंध आडवी झाली तरी तिचं टोक खाटेला लागू नये. आक्का दिवसभर त्यांच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायची. समजूत घालून घालून माझा घसा बसला.

अशात शुभा रजा काढून आली. तिच्या लॅपटॉपवर तिच्या कंपनीचा नवा गेम होता, अजून बाजारात न आलेला, अर्धाकच्चा. जगाचा नाश होऊन गेलाय, शहरं ढासळलीत, उरलेल्या माणसांत आपण एक. फिरायचं, लोकांशी बोलायचं, कोणाला मदत करायची आणि कोणाला नाही ते आपण ठरवायचं, आणि तशी गोष्ट पुढे जाते. जे कधीच गेम खेळत नाहीत अशा माणसांचं पहिलं मत तिला हवं होतं. मी खेळलो आणि सुरुवातीलाच रानकुत्र्यांच्या तोंडी गेलो. मग ती खाली दाजींकडे गेली. न उघडलेली गोष्ट आणि तिच्यावर पहिलं मत! दाजींनी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. वॉचमनच्या खोलीतून वायर ओढली, स्टुलावर लॅपटॉप ठेवला, दाजींच्या हातात खेळायचं रिमोट दिलं, आणि उन्हं कलताना माझ्या मेव्हण्यांनी जगाच्या नाशाची तपासणी सुरू केली. आक्का शेजारी मेथी निवडत बसली होती.

"धूळ कुठंय?" हा पहिला शेरा. "एवढं पडलं आन हवा बघ कशी निर्मळ ठेवलीस. आमाला किती दिस समोरचं माणूस दिसत नव्हतं."

शुभानं लिहून घेतलं.

"आन हे समदे बंदुका घेऊन हिंडून राहिलेत. मग खिचडी कोन शिजवून राहिलाय?"

शुभा म्हणाली, "पप्पा, इथे लोक एकमेकांचं अन्न लुटतात."

"लुटायला आधी शिजवावं लागतंय की! आमच्याकडं चौथ्या गावचे लोक भाकरी बांधून चालत आले हुते. आन कापडं? ह्यांना कापडं कुनी दिली न्हाईत व्हय? आमच्याकडं ट्रकच्या ट्रक आले. सरपंच महिनाभर बँडवाल्याच्या लाल कोटात हिंडत हुता, सोनेरी गुंड्यांच्या. त्याला बघून रडनारं माणूस हसायचं." मग जनावरं नाहीत म्हणून मार्क कापले. देवणी गाय तरी एक उभी पाहिजे होती, ढिगाऱ्यावर, रवंथ करत. आणि सगळ्यात मोठी चूक त्यांनी चष्मा काढून सांगितली. "तलाठी दिसंना कुठं. एवढं जग बुडालं आन पंचनामा न्हाई? मग बुडालं हे ठरवलं कुनी?"

तिथवर मजा चालली होती. मग गोष्ट अडली, कारण दाजी आत जाईनात. गेममध्येही. पडक्या इमारतीत धान्य होतं, औषधं होती, पुढची वाट तिथूनच होती. दाजी इमारतीला बाहेरून प्रदक्षिणा घालत, वाकून भिंतीच्या भेगा बघत आणि लांब मोकळ्यावर जाऊन बसत. शुभानं परोपरीनं सांगितलं की हे चित्र आहे, मीच काढलेलं आहे. "तूच काढलंस म्हनून तर बघतो," ते म्हणाले, "चौकटीवर तुळई न्हाई ह्याला." अखेर भुकेचा काटा खाली आला आणि भरल्या कोठाराच्या दारात दाजींचा गडी उपाशी मेला. असं कोणी अजून मेलं नव्हतं, असं शुभा म्हणाली. हसून हसून तिला बोलवेना. तिनं गेम एका पुढच्या ठिकाणी नेऊन दिला. बसलेलं एक घर, पुढं अंगण.

आणि त्या घरातून आक्काचा आवाज आला.

"अहो, कोन हाय का भाईर? मी हितं आत हाय."

गेम अर्धवट असल्यामुळे त्यातले आवाज कच्चे होते. खरे आवाज पुढे नट-नट्यांकडून करून घ्यायचे, तोवर कंपनीतल्या पोरांनी आपापल्या घरच्यांचे भरून ठेवले होते. शुभानं मागे एकदा फोनवर आईकडून या आत अडकलेल्या म्हातारीची दोन-चार वाक्यं बोलून घेतली होती आणि ती विसरून गेली होती. ती घाईघाईनं हे सांगू लागली. पण दाजींचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

"अशीच," ते म्हणाले. "अशीच हाक मारत हुती ही."

शुभानं गेमचा आवाज बारीक केला.

"उकडत हुतं म्हनून मी अंगनात निजलो हुतो. ही आत. हिला मीच काढलं, समद्या गावाला ठाव हाय. पन लगेच न्हाई गेलो मी." त्यांनी हातातलं रिमोट मांडीवर ठेवलं. "पायच उचलंना. ही आतून हाका मारून राहिली हुती आन मी उभा. कुनाला बोललो न्हाई कधी."

मी आक्काकडे बघायचं टाळलं. ती मेथीच्या काड्या मोडत होती, त्याच गतीनं.

"मला ठाव न्हाई व्हय?" ती म्हणाली. "मला तुमच्या वहाना दिसत हुत्या फटीतून. उभे हायत, जित्ते हायत, एवढं बघून तर मी हाका मारत राहिले. तुमीबी आत असता तर मी कुनाला हाक मारली असती?" मग जुडी उलटी करत म्हणाली, "आन आला की मग. दगडं उपसून नखं गेली हुती तुमची. ती बोटं कुनी धुतली? आता त्या म्हातारीला काढा आधी, का बसवून ठेवायची?"

दाजींनी डोळे पुसले नाहीत, नाक मात्र उपरण्यानं खसाखसा पुसलं. रिमोट उचललं. आत अंधार होता. त्यांचा गडी दोनदा भिंतीवर आपटला, एकदा उलट्या पावली बाहेर आला, पुन्हा गेला. म्हातारी बाहेर आली. गेमच्या नियमाप्रमाणे तिच्याकडून आता एक किल्ली मागायची होती. दाजींनी मागितली नाही. "दम खाऊ दे की तिला," म्हणाले आणि खेळ तिथेच थांबवला. शुभा पदर नसताना पदरानं डोळे पुसावेत तशी ओढणी चेहऱ्यावर धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी "येतो वर" एवढंच म्हणाले आणि आक्कानं सही केली. ऑपरेशन नीट झालं. ती घरी आली त्या दिवशी ती लिफ्टनं वर गेली आणि दाजी जिन्यानं, कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर खिडकीतून बाहेर बघत. पेटीत बसायला ते तयार नव्हते आणि मीही ताणलं नाही. वर येताच त्यांनी फ्लॅटवर पहिलं मत दिलं. "हवा बरी हाय. बाकी काय सांगू नये." त्यांची खाट आम्ही दारातच टाकली आणि दार दिवसरात्र उघडं. त्यामुळे मजल्यावरची सगळी पोरं, दोन मांजरं आणि पत्ता चुकलेला एक विमा एजंट आमच्याकडे येऊन गेले. एजंट तर जेवून गेला. आमची ही म्हणाली, आपण घरात राहतो की बसस्टँडवर, एवढं मला कोणीतरी सांगा. दाजी आपले उंबऱ्याकडे पाय करून, पायांत चपला घालून पडलेले.

आक्काचं दुखणं मात्र ओसरेना. व्यायाम झाला की कण्हायची, डोळ्याला डोळा नाही. अशातच एका दुपारी मी बँकेतून जरा लवकर परतलो. वर आलो तर दार बंद. मी हळूच टकटक केलं. दाजींनी दार उघडलं, अनवाणी होते. ओठांवर बोट ठेवून मला आत ओढलं. "जिन्यातल्या गलक्यानं सारखी जागी होऊन राहिली हुती," ते कुजबुजले. "आत्ता कुठं डोळा लागलाय."

त्यांनी दार पुन्हा लोटलं, आवाज होऊ न देता कडी घातली आणि आतल्या खोलीत जाऊन आक्काच्या पलंगाशी, भिंतीला पाठ टेकून बसले. मी स्वयंपाकघरात गेलो. मला रडू येत होतं. नळ सोडून मी बराच वेळ एकच पेला विसळत राहिलो.