न निवडलेले शंभर दाणे

सुपात हात घातला की मैनाबाईंची बोटं आपोआप चांगला दाणा उचलतात. चाळीस वर्षांची सवय. तेल्हाऱ्याजवळच्या त्यांच्या गावात सोयाबीनचं घरचं बी राखावं तर मैनाबाईंनीच, असं बाया म्हणतात. पेरणीआधी आठ-दहा घरं त्यांच्याकडूनच बी नेतात. यंदा शेजारच्या दुर्गाबाईनं तीन एकरांचं बी आधीच सांगून ठेवलेलं.

पण सोंगणीच्या वेळी, कापून रचलेली सोयाबीनची गंजी यंदा पावसात भिजली होती. तेव्हापासून मैनाबाईंच्या जिवाला घोर. बी उगवलं नाही तर पुन्हा कोण विश्वास ठेवणार? म्हणून त्यांनी शंभर दाणे ओल्या गोणपाटात मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली. पाचव्या दिवशी उघडली, तर एक्क्याण्णव उगवलेले! सत्तर उगवले तरी बी चालतं.

तरी घोर जाईना. अकोल्याला संख्याशास्त्र शिकणारी लेक माया सुट्टीत आली, तेव्हा तिला त्यांनी गुंडाळी दाखवली.

"माय, दाणे निवडून घेतले व्हते काय?"

"मी कायले निवडू?"

मायानं सूप पुढं केलं. "घे बरं दहा."

मैनाबाईंनी घेतले. दहाही टपोरे, पिवळेधमक. सुपात मात्र सुरकुतलेले, फुटके दाणे ढीगभर.

"पाह्य, तुहा हात लबाडी करते."

"याच हातानं तुले वाढोलं, आन् त्याले लबाड म्हणतं?"

"दुर्गामावशी का एकेक दाणा निवडून पेरीन?"

मैनाबाईंनी सूप बाजूला सारलं. मग डोळे मिटून त्यांनी बियाण्याच्या पोत्याच्या वरून, मधून, तळातून मुठी काढल्या. जसे हाती आले तसे शंभर-शंभर दाणे मोजून दोन गुंडाळ्या केल्या.

ते पाच दिवस सरता सरेनात. मैनाबाई भाकर थापता थापता उठायच्या, गोणपाटावर पाणी शिंपडायच्या, कोपरा उचलून पाहायच्या. "पाहून उगवते काय वं?" माया म्हणायची. तिकडून दुर्गाबाईचा रोज निरोप, बी कवा देतं?

गुंडाळ्या उघडल्या. एकीत चौसष्ट, दुसरीत सदुसष्ट.

"पोतं एकच. आकडा काहून बदलते?"

"चौकटी खेळताना टाकलेले चिंचोके दर वेळी सारखेच उताणे पडतात काय? थोडं मागंपुढं व्हतेच. पण शंभरातले पासष्टच्या आसपास उगवतीन, एवढं समजलं."

"कोणते पासष्ट?"

"ते कोणालेच सांगता येत नाही."

"सत्तर म्हटलं तं?"

"म्हटलं तं म्हण. म्हटल्यानं उगवत नाही पण."

तेवढ्यात दुर्गाबाई रिकामं पोतं घेऊन दारात. "काय मैना, किती उगवलं?"

एक्क्याण्णव मैनाबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. खोटंही नव्हतं ते. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"पासष्ट."

"तुह्या घरचं बी आन् पासष्ट?"

"पयले एक्क्याण्णव आले व्हते. ते माह्या हातानं निवडलेले. पोत्याचे पासष्टच. सत्तराच्या हिशेबानं एकरी तीस किलो पेरतं ना? तेहतीस पेरजो."

"आन् मी दुसरीकडून घेतलं तं?"

"घे. पण तिथलेबी शंभर दाणे डोये मिटून काढजो."

दुर्गाबाई उंबऱ्यावर टेकली. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं मूठभर दाणे काढले, बराच वेळ तळहातावर फिरवत राहिली.

"एका एकराचं भर. बाकीचं मंग पाहू."

तीनाचं एकावर आलं. मैनाबाई बी भरू लागल्या. भरता भरता बोटांनी सवयीनं एक सुरकुतलेला दाणा बाजूला काढला. त्या थांबल्या.

"माया, हा उगवन काय वं?"

"माहीत नाही, माय."

"टाक पोत्यात," दुर्गाबाई म्हणाली. "उगवला तं सांगीन तुले."

मैनाबाईंनी तो परत टाकला.