चार भाऊबिजा

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नव्हतं. दारू पिऊन केलेले माझे पराक्रम अख्ख्या इंदिरानगरला तोंडपाठ आहेत — त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. पण हे मी पूर्ण शुद्धीवर असताना केलं. म्हणूनच बहुधा जीभ रेटत नव्हती.

चार वर्षांपूर्वी गुत्त्यावर एकाच्या डोक्यात बाटली घातली आणि आत गेलो. तो वाचला, हे त्याचं नशीब आणि माझंही. पहिले दहा दिवस कसे गेले, विचारू नका. अंग कापायचं, भिंतीवर मुंग्या दिसायच्या. मग एका सकाळी चहाचा मग तोंडाशी नेला — आणि थेंबही सांडला नाही. माझा हात! गॅरेजमध्ये ज्याच्याकडून साधा नट बसेना, तो. मी त्याच्याकडे बघतच बसलो.

तुम्हाला वाटेल, जेलमधला माणूस सुटकेचे दिवस मोजतो. मोजतात की. पण आमच्या बरॅकमध्ये आम्ही चार-पाच बेवडे होतो, आमचं निराळंच होतं. मुलाखतीला बायको आली की तोंड पाडायचं, डोळे पुसायचे, आणि परत येऊन दोन चपात्या जास्त खायच्या. ‘हितं हाय म्हणून जित्ता हाय,’ असं एक म्हातारा म्हणायचा — हळूच, कारण बाकीच्यांनी ऐकलं असतं तर बदडलं असतं. मला तो वेडा वाटत नव्हता. डाळ पातळ होती, पण तिला चव होती. कित्येक वर्षांत मला कशाचीच चव लागली नव्हती. आणि बाहेर काय होतं? गल्लीच्या तोंडाशी तोच गुत्ता.

तिसऱ्या महिन्यात जामीन मंजूर झाला. फक्त जामीनदार हवा होता. माझ्या बायकोने, सुनंदाने, घोटीच्या तिच्या धाकट्या भावाला तयार केलं. भास्कर भाताची लावणी टाकून, सातबारा घेऊन आला. कोर्टात जाण्याआधी मला भेटायला आला. आणि मी त्याला काय सांगितलं? वकिलाने दुसरा जामीनदार बघितलाय, तू जा घरी. ‘नक्की ना, दाजी? नाय तर मी थांबतो हितं,’ असं तो दोनदा म्हणाला. मी हसून त्याला परत पाठवला.

मला बाहेर यायची भीती वाटत होती. तसं सुनंदाला सांगता आलं असतं — मला अजून थोडे दिवस आत राहू दे, म्हणून. पण कुठल्या तोंडाने? दोन पोरांचं ती एकटी बघत होती. मग मी स्वतःपुरतं सोपं केलं. पुढच्या मुलाखतीला म्हणालो, तुझा भाऊ ऐन वेळी फिरला.

भास्करने तिला खरं काय ते सांगितलं. पोरीची शपथ घेऊन सांगितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला — का, माहितेय? मी खोटं बोलायचो ते दारूपायी, आणि आता तर मी पीत नव्हतो!

आणखी सात महिन्यांनी गॅरेजमालक जामीन राहिला, तेव्हा गुपचूप बाहेर आलो. केस चालू आहे, तारखेला जातो. तीन वर्षांत एक थेंब घेतलेला नाही. सुनंदा शेजारणींना हे कौतुकाने सांगते. आणि भाऊबिजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते — ज्या बाईला भाऊ नाही, ती ओवाळते तसं. घोटी इथून तासाभरावर. पहिल्या वर्षी मी आत होतो. नंतरच्या तिन्ही वेळा निरांजन विझू नये म्हणून वाऱ्याला हात आडवा धरून कोण उभं होतं? मीच.

गेल्या रविवारी भास्करच्या पोरीची लग्नपत्रिका आली. पाकिटावर त्याने स्वतःच्या हाताने ताईचं नाव घातलं होतं. सुनंदाने ती न उघडताच टीव्हीखाली सरकवली आणि मेथी निवडायला बसली. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. त्याला हसून परत पाठवल्याचंसुद्धा.

तिने मेथी बाजूला सारली. हात धुतले, फोन लावला. मग म्हणाली, ‘भास्कर... हळद कधी रे?’

माझ्याशी ती अजून बोललेली नाही. भावाशी रोज बोलते. काल फोनवर त्याच्या कुठल्याशा बोलण्याला खळखळून हसली. जेवायचा थांबून मी ऐकत राहिलो. हे हसणं मी विसरून गेलो होतो — आणि ते तिच्याकडून मीच काढून घेतलं होतं.