चुन्याचं मडकं

नंदीचा डोंगर काही मोठा नाही. खालच्या लिंबापासून वरच्या नंदीपर्यंत धडधाकट माणूस वीस मिनिटांत जातो, पण ती वीस मिनिटं जीव काढतात. वाट कसली, भिंतच आहे. पायाखालून मुरूम निसटतो आणि धरायला म्हणावं तर बाभळीचे काटे. वर दगडाचा नंदी, खऱ्या बैलापेक्षा मोठा, पांढराशुभ्र, शिंगांना गेरू. जिंतूरच्या रस्त्यावरून स्पष्ट दिसतो. एसटीतली माणसं बसल्या जागेवरून हात जोडतात आणि म्हणतात, काय झ्याक रंगवलाय! त्यांचं काय जातं म्हणायला?

रंगवण्याचा मान एकाच घराचा, वेशीजवळच्या किराणा दुकानवाल्या विरूपाक्षआप्पांचा. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी चुन्यानं भरलेलं मडकं खालून उचलायचं आणि थेट नंदीच्या चौथऱ्यावर ठेवायचं. मधे जमिनीला टेकवायचं नाही. घरातल्या घरात या हातातून त्या हातात दिलेलं चालतं, पण टेकलं की चुना ओतून द्यायचा आणि पुढल्या सालापासून मान दुसऱ्या घरात. कुणी केला हा नियम, देव जाणे. ज्यानं केला त्यानं मडकं कधी उचललं नसणार, एवढं नक्की.

त्रिवेणी ही आप्पांची एकुलती एक लेक. सोनपेठला दिली होती. तिसऱ्या वर्षी एका पिशवीनिशी माघारी आली, तेव्हा आप्पांनी "का आलीस?" असं एका शब्दानंही विचारलं नाही. दुकानाची किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "तांदळाचं पोतं फोडायचं हाय, ये." त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली. आता दुकान तीच चालवते. कुणाला कुठली चहापत्ती लागते, कोण साबण हुंगून घेतं, सगळं तिला तोंडपाठ. आई गेल्यापासून आप्पांना भाकरी तीच घालायची आणि गोळ्याही तीच द्यायची.

चुना तर सगळा तिचाच. आठ दिवस आधी चुनकळी रांजणात भिजवायची, खदखदायला लागली की लांब उभं राहून काठीनं ढवळायची, निवली की वस्त्रगाळ करून डिंकाचं पाणी घालायचं. मनगटावर भाजल्याचे डाग आहेत तिच्या. फक्त मडकं उचलायचं तिच्याकडं नव्हतं. दर साली ती मागायची आणि दर साली आप्पा म्हणायचे, "पुढल्या साली बघू." आपल्या लिंगायतांत बाईच्या गळ्यातसुद्धा लिंग असतं, बाई-बाप्या असा भेद नाही, हे हेच आप्पा चारचौघांत छाती फुगवून सांगत. सांगायला काय, जीभ लागते. मडकं सोडायला काळीज लागतं.

गेल्या साली परभणीच्या डॉक्टरनं आप्पांच्या छातीची पट्टी बघितली आणि बजावलं, जिनासुद्धा चढायचा नाही. बातमी गावात फिरायला कितीसा वेळ? सरपंच व्यंकटरावानं पारावर चार माणसं जमवली.

"आप्पा, लय केलं तुमी. यंदा ऑइलपेंट आणू, पेंटर लावू. पाच वर्षं बघायचं काम न्हाई."

"मडकं मी नेते," त्रिवेणी म्हणाली.

व्यंकटराव हसला. "तुजं घर कोणतं, ते सांग आधी. नांदायचं सोडून आलेली लेक माहेरच्या घरात धरायची का सासरच्या?"

सगळे खाली बघत बसले. आप्पा उठले. "मी जित्ता हाय आजून," म्हणाले आणि चालायला लागले. म्हाताऱ्यानं मडकं उचललं ते नंदीसाठी नाही, लेकीसाठी उचललं. हे तिला कळत होतं आणि म्हणूनच ती त्यांना अडवू शकली नाही.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी पुढं आप्पा, खांद्यावर मडकं. मागं त्रिवेणी. तिच्यामागं वीस-पंचवीस पावलांवर वेगळ्या चुलीचा चुलतभाऊ शिवकांत, कुंचा आणि गेरूचा डबा घेऊन. अर्ध्या वाटेपर्यंत आप्पा बरे चालले. पुढं एक उभा धोंडा आहे, तिथं गुडघाभर पाय उचलून वर चढावं लागतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नुसता उतार. आप्पा तिथं थांबले. कपाळावरची विभूती घामानं ओघळून नाकावर आली होती.

"तिरवेणी. धर."

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला आनंद झाला. बारा वर्षं मागितलेलं आप्पांनी आपल्या तोंडानं दिलं होतं. तिनं दोन्ही हातांनी मडकं पोटाशी घेतलं.

"टेकवू नगं, बरं का."

"न्हाई टेकवत, आप्पा."

मग आप्पांनी धोंड्यावर पाय ठेवला, डोळे मिटले, उघडले आणि हात पुढं केला. "जरा हात दे गं."

तिच्याकडं मोकळा हात नव्हता. तिनं मडक्याकडं बघितलं, मग खाली. धोंड्याशेजारी मडकं ठेवण्यापुरती सपाट जागा होती. ती तिनं बघितली, चांगली बघितली. तेवढ्यात आप्पा उताराच्या अंगाला मागं गेले. ओरडले पण नाहीत. पंधरा-वीस हात घरंगळत गेले आणि एका दगडाशी अडकून पडले.

"अक्का! मडकं ठिव, आप्पा पडले!" शिवकांत ओरडला.

तिनं ठेवलं नाही. मडकं घेऊन ती वर गेली. राहिलेली वाट पळत चढली, चौथऱ्यावर मडकं ठेवलं आणि मगच खाली धावली. ती पोचली तेव्हा आप्पांचं डोकं शिवकांतच्या मांडीवर होतं आणि श्वास थांबलेला होता.

"काय म्हनाले का?"

शिवकांत रडायलाच लागला. "तिरवेणी कुटं हाय, तिरवेणी कुटं हाय... हेच इचारायलते, अक्का."

दुसऱ्या दिवशी, ऐन शिवरात्रीला, आप्पांना लिंगायत रीतीनं बसवून नेलं, हातावर लिंग ठेवून मातीत बसवलं. व्यंकटराव सगळ्यांत पुढं उभा. गळा काढून म्हणाला, "लेक असावी तर अशी! बाप पडला, पण मडकं टेकू दिलं न्हाई!" दहाव्या दिवशी त्यानंच तिला पारावर बोलावून शाल घातली. कुठल्या घराची, हा प्रश्न आता कुणालाच पडत नव्हता. वर्षभर दुकानात येणारा प्रत्येक जण साखर बांधून घेता घेता तेच बोलायचा, धन्य ती लेक. त्रिवेणी पुडी बांधायची आणि दोरा तोडायची. शाल तिनं पेटीत घातली नाही. तराजूखाली फडकं म्हणून अंथरली. लोकांनी बघितली आणि साखर घेऊन गेले.

यंदा शिवरात्रीच्या आदल्या दिवशी तिच्यामागं गाव लोटला. तरणी पोरं मोबाईल वर धरून. त्रिवेणी मडकं पोटाशी धरून चढत होती, ना इकडं बघत होती ना तिकडं. उभ्या धोंड्यापाशी आली आणि थांबली. वाकली. शेजारच्या सपाट जागेवर तिनं मडकं हळूच ठेवलं.

"अगं ए! काय केलंस हे!" व्यंकटराव मागून ओरडला.

तिनं दोन्ही हात वर करून मोकळे दाखवले. "ठिवलं. बगा की समदे. काय झालं? आभाळ कोसळलं? नंदी उठून पळाला?"

मडकं तसंच होतं, चुना हललासुद्धा नव्हता.

"काईच झालं न्हाई," ती म्हणाली आणि तिथंच मटकन बसली. "काईच व्हनार नव्हतं. हितं माज्या बापानं मला हात मागितला व्हता."

हे तिनं वर्षभरात कुणालाच सांगितलं नव्हतं, शिवकांतलाही नाही.