मुठीचे लाडू

तीन मित्र एका खोलीत राहिले की किस्से आपोआप साठतात. कुठल्याही लग्नात आम्ही भेटलो की जळगावच्या कॉलेजातली ती खोली निघते आणि खोली निघाली की घरून येणारी पार्सलं निघतात. शेवटचा किस्सा मात्र एकनाथ कधी सांगू देत नाही. आज तो इथे नाही, म्हणून सांगतो.

माझं घर धुळ्याला. आई पोस्टानं ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवलेले पापड, पाठवायची. पोस्टवाले शिक्का असा काही हाणत की आत बिबड्यांचा चुराच व्हायचा. आम्ही त्यावर तेल, तिखट, कांदा घालून खायचो आणि मी सुट्टीत हे आईला सांगितलं. पुढच्या पार्सलात बिबडे आधीच फोडलेले! विचारलं तर म्हणाली, "नहीतं फुटतसच, म्हनीसन मीच फोडी टाकात." वर ताकीद, "बठ्ठं एकलाच खाऊ नको, पोरेस्ले बी दे."

रशीद पहूरचा. त्याचे वडील शिंपी. त्यांनी शिवलेलं पार्सल कापायला आमचा हात धजावत नसे, इतका टाका बारीक. रशीद एकेक टाका उसवायचा आणि त्या कापडाच्या उशीच्या खोळी व्हायच्या. पोराचे हे हाल ऐकून वडिलांनी पुढच्या पार्सलाला चक्क काज करून गुंड्या लावल्या. पोस्टातल्या बाबूनं ते परत केलं. "चाचा, हे पार्सल आहे, सदरा नाही," तो म्हणाला. वडिलांना ते लागलं. गुंड्या काढून तिथेच पोस्टाच्या पायरीवर बसून त्यांनी पुन्हा टाके घातले.

ईदनंतर रशीदची अम्मी भाजलेल्या शेवया पाठवी. त्याच्यासाठी एका डब्यात आणि आम्हा दोघांसाठी वेगळ्या, कोऱ्या डब्यात. आमच्या घरचे काय म्हणतील याची काळजी तिला आमच्यापेक्षा जास्त. पहिल्याच वर्षी एकनाथनं दोन्ही डबे ताटात पालथे केले आणि शेवया कालवून टाकल्या. "आता वळख कोनत्या कोनाच्या," म्हणाला. सगळ्यात आधी रशीदनंच घास घेतला.

एकनाथ सावद्याचा, एकुलता एक. घरी केळीचा बाग आणि माणसं दोनच, आबा आणि अक्का, म्हणजे त्याचे वडील आणि आई. पोरानं बाग सांभाळावा एवढंच आबांचं म्हणणं. "कालेजात गेला तं माह्याशी बोलू नको," असं त्यांनी निघताना सांगितलं आणि स्वतःही ते पाळलं. सुट्टीत एकनाथ समोर जेवायला बसला तरी आबा अक्काला म्हणत, "त्याले इचार, भाजी पाहिजे का?"

अक्का आबांच्या चोरून लाडू पाठवायची. लाह्यांचं पीठ, गूळ आणि हात राखून घातलेलं तूप. असे लाडू वळले जात नाहीत, मुठीत दाबावे लागतात. त्यामुळे प्रत्येकावर तिच्या बारीक बोटांच्या खाचा असायच्या. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ती ते शिवायची. एकनाथ आधी त्या खाचांवरून अंगठा फिरवायचा आणि मग खायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो. आज करवणार नाही.

परीक्षा जवळ आली तेव्हा सावद्याचा एक शेजारी बाजाराला म्हणून आला. "अक्का पडली रे भो. उजवा हात मोडला. आता लाडू-बिडू काही नही," तो म्हणाला.

एकनाथनं तेव्हाच पेटी भरायला घेतली. "आबाले चूल येत नही. अक्काले कोन पाहीन?" त्याचं बरोबरच होतं. पण आत्ता गेला तर तो परत येणार नाही हे आम्हाला कळत होतं, त्यालाही. रशीदनं समजावलं, मी समजावलं, तो ऐकेना. उद्याची सकाळची गाडी ठरली. मला फार वाईट वाटलं.

सकाळी तो पेटीला कुलूप लावत असताना पोस्टमन आला. पार्सल एकनाथचं. गोणपाटाचं, दाभणानं सुतळी ओवून शिवलेलं, घरात धान्याची पोती शिवतात तसं. रशीदला ते टाके बघवेनात. त्यानं कात्रीनं सुतळी कापली.

आत लाडू होते. पीठ करपलेलं, गूळ कुठे आहे कुठे नाही आणि एकेक लाडू नारळाएवढा. चिठ्ठी नव्हती.

एकनाथनं एक उचलला. सवयीनं अंगठा खाचेवर गेला आणि तिथेच थांबला. मग त्यानं आपली चारही बोटं त्या खाचांत बसवून पाहिली. सैल पडली.

त्यानं लाडू जपून खाली ठेवला, पेटीचं कुलूप काढलं आणि सदरे एकेक करून पुन्हा खुंटीला लावले.