बाधलेलं दूध

देवीपुढं हात जोडावेत आणि डॉक्टरकडंही जावं, यात मला कधी विरोध वाटला नाही. पण त्या दिवशी नांदूरघाटहून केजला निघालेल्या जीपमध्ये माझे हात जोडलेच जाईनात. मांडीवर तान्ही लेक होती. श्वासागणिक तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. पुढचा श्वास येईल का, एवढंच मी बघत होते.

मला सर्दी-ताप आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुजं दूध बाधलंय. पाजू नगंस, लेकराला डबा व्हईल." तान्ह्याची छाती भरून पोट उडायला लागलं की आमच्याकडं त्याला डबा म्हणतात. अंगावरचं दूध बंद झालं, बाटली आली, आणि डबा झालाच. शेजारीण बिब्ब्याचा चटका द्यायला आली, तेव्हा मात्र मी ओरडले, "देवानं दिलेल्या अंगाला डाग देनारी माझ्या उंबऱ्यात नको!"

केजच्या डॉक्टरबाई लेकीला ऑक्सिजन लावता लावता म्हणाल्या, "अहो, सर्दी तुम्हाला झाली म्हणून तर पाजायचं. तिच्याशी लढायला तुमचं शरीर अँटिबॉडीज तयार करतं, त्या दुधातून हिला मिळतात. औषध आम्ही देतो. दूध काढून द्या, नळीनं पाजू."

दूध येईना. भीतीनं आटलं होतं. कोरडी वाटी धरून मी सटवाईला आळवत राहिले: पाचवीला हिच्या कपाळी लिहिलंस, ते एवढंच होतं का गं, आई?

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या ऊसतोडणीच्या बाईनं आपलं रडतं पोर माझ्या मांडीत ठेवलं. "आक्का, धरा जरा, पानी घिऊन येते. लई मोठा गळा हाय मेल्याचा, भिऊ नगा!"

त्या पोरानं छातीशी टाहो फोडला आणि माझा पदर भिजला. पान्हा फुटला होता. माझ्यासोबत आलेल्या सासूबाईंनी माझ्या हातातली वाटी घेऊन पुढं धरली. "बाधलं म्हनलं व्हतं गं मी... धर नीट, सांडू नगंस."

लेक बरी झाली. औषधानं, ऑक्सिजननं, दुधानं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कुठलंही लेकरू रडलं तरी आईला असा पान्हा फुटू शकतो. फुटत असेल. ज्यानं आईचं शरीर असं घडवलं, त्याच्यापुढं आता माझे हात आपोआप जुळतात. मी माझंच लेकरू मागत बसले होते. सटवाई आईनं आधी दुसरीचं माझ्या मांडीवर ठेवलं.