होडी किती वेळात पोचेल?

वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला की मला चिंचणीत मी घ्यायचो ती अकरावीची शिकवणी आठवते. देवळाच्या ओट्यावर मुलं बसायची, समोर बांबूंवर बोंबील लटकलेले असायचे, आणि वाऱ्याने उडणारी वहीची पानं सगळे शिंपल्यांनी दाबून ठेवायचे. एकदा मी सापेक्ष वेगाचं गणित घातलं: खाडीत समोरून पाणी ताशी पाच किलोमीटरने येतंय, होडीचा वेगही तेवढाच, तर ती बंदरात किती वेळात पोचेल? एका मच्छीमाराच्या मुलीने सूत्र न मांडताच लिहिलं, सहा तासांत. मी लाल फुली मारून विचारलं, हे कुठून आणलंस? ती म्हणाली, "ओहोटी असली की बाबा नांगर टाकून थांबतात, सर. सहा तासांनी भरती लागली की येतात." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मला माझं उत्तर हवं होतं. "ते खोड आणि लिही, होडी कधीच पोचणार नाही." तिने खोडलं, खाडीकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "लिहिते, सर. पण बाबा आले की." ते गणित मी अजूनही घालतो, फक्त होडीचा वेग आता सहा ठेवतो.